मासा की माशाच्या तेलाची गोळी? मिरजेच्या औषध दुकानात रोज येणारे प्रश्न

मिरजेत दवाखान्यांच्या ओळीत आमचं औषधांचं दुकान आहे. जत, कवठेमहांकाळ, तासगावपासून ते पार अथणी-रायबागपर्यंतचे पेशंट इथे येतात. अँजिओप्लास्टी करून घरी निघालेल्या माणसाच्या मुलाच्या एका हातात डिस्चार्जचा कागद असतो, दुसऱ्या हातात मोबाइल. कागदावर चार-पाच गोळ्या लिहिलेल्या असतात आणि मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला ओमेगा-३ चा व्हिडिओ चालू असतो. तिथून हे प्रश्न सुरू होतात. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. शिवाय या गोळ्या मी विकतो, तेव्हा माझी उत्तरं ऐकताना तेही ध्यानात ठेवा.

एका वाक्यात सांगा, मासा खाऊ की गोळी घेऊ?

खाणारे असाल तर मासा खा, आठवड्यातून दोनदा. गोळी फक्त डॉक्टरांनी काही कारणाने लिहून दिली असेल तरच.

माशात असं असतं तरी काय?

ईपीए आणि डीएचए नावाची दोन ओमेगा-३ स्निग्धाम्लं. ही गोष्ट सुरू झाली ग्रीनलँडमध्ये. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तिथल्या इन्युइट लोकांचं रक्त तपासलं. ही माणसं सील आणि मासे भरपूर खायची, म्हणजे जेवणात चरबी पुष्कळ, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी असल्याचं सांगितलं जायचं. पुढे त्या निरीक्षणावर बरीच टीका झाली, पण तोवर जगभर अभ्यास सुरू झाले होते.

ही आम्लं यकृतातून रक्तात येणारी ट्रायग्लिसराइड नावाची चरबी कमी करतात आणि रक्तातल्या चकत्यांचा (प्लेटलेट्सचा) चिकटपणा थोडा घटवतात. गंमत म्हणजे मासा ही आम्लं स्वतः फारशी बनवत नाही. बनवतं ते पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. शेवाळ खाणाऱ्या जिवांना छोटा मासा खातो, छोट्याला मोठा खातो आणि मोठ्याला आपण. ही शेवाळाची गोष्ट लक्षात ठेवा, माळकऱ्यांच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे.

मग तेच तेल बाटलीत भरलं तर बिघडलं कुठे?

हा खरा प्रश्न आहे. याच्या उत्तरासाठी थोडा वेळ द्या.

सुरुवात चांगली झाली होती. १९८९ साली वेल्समध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना आठवड्यातून दोनदा तेलकट मासा खायला सांगितलं होतं. दोन वर्षांत त्यांच्यातले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी भरले. त्यानंतर १९९९ मध्ये इटलीतून ११,३२४ पेशंटांचा मोठा अभ्यास आला. हेही सगळे अटॅकमधून वाचलेले. त्यांना रोज साधारण ८५० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए गोळीतून दिलं, आणि तिथेही मृत्यू कमी झाले. गोळीचा बाजार उभा राहिला तो मुख्यतः या इटालियन अभ्यासावर.

पुढे चित्र पालटलं. २०१८ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात ब्रिटनमधले १५,४८० मधुमेही होते, त्यांच्या हृदयाचा आजार अजून निघालेला नव्हता. दुसऱ्यात अमेरिकेतली २५,८७१ धडधाकट माणसं होती, पुरुष पन्नाशीच्या पुढचे आणि बाया पंचावन्नच्या पुढच्या. दोन्हींत रोज एक ग्रॅमची गोळी, म्हणजे ईपीए-डीएचए ८४० मिलिग्रॅम, कित्येक वर्षं दिली. अटॅक, लकवा आणि हृदयविकाराचे मृत्यू एकत्र मोजले, तर खऱ्या गोळीत आणि नकली (तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या) गोळीत नोंद घेण्याजोगा फरक निघाला नाही.

असं का झालं असावं? इटलीतला अभ्यास झाला तेव्हा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, घेणारे पेशंट आजच्यापेक्षा फार कमी होते. वेळीच अँजिओप्लास्टी होणारेही कमी. आज तुमच्या कागदावर स्टॅटिन आहे, अॅस्पिरिन आहे, बीपीची गोळी आहे. इतकी कुमक आधीच पोचल्यावर माशाच्या तेलाला वेगळा पराक्रम गाजवायला जागा उरत नाही.

पण मग माशाचा तरी पुरावा पक्का आहे का?

गोळीइतक्या काटेकोर चाचण्या माशाच्या नाहीत, हे कबूल करतो. माणसाला पाच वर्षं नकली बांगडा खाऊ घालता येत नाही. त्यामुळे बहुतेक पुरावा हा माणसं काय खातात ते लिहून ठेवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, या जातीचा आहे. हॉलंडच्या झुत्फेन गावात ८५२ पुरुषांवर २० वर्षं लक्ष ठेवलं होतं. रोज सरासरी ३० ग्रॅम तरी मासा खाणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू मासा न खाणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होते. हा अभ्यास १९८५ चा. २०२१ मध्ये ५८ देशांतल्या १,९१,५५८ माणसांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा जरा वेगळं दिसलं. आठवड्याला साधारण १७५ ग्रॅम मासा खाण्याचा फायदा ज्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आहे त्यांच्यात आढळला, बाकीच्यांत नाही. म्हणजे ज्याच्या बापाला स्टेन्ट बसला आहे त्याच्या घरात मासा जास्त कामाचा.

माझं स्वतःचं मत याच्याही पलीकडे जातं. आपल्या भागात मासा ताटात आला म्हणजे त्या दिवशी मटण आलं नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्शावर तरंगणारा चरबीचा तवंग त्या दिवशी पोटात गेला नाही. गोळी घेणारा मात्र मटणाची वाटी संपवतो आणि वर गोळी घेतो. बाटलीतलं तेल ताटातलं काहीच बाजूला करत नाही.

कोणता मासा घ्यावा? इंटरनेटवर सगळे सॅल्मन म्हणतात.

सॅल्मन विसरा. काही जण रावसाला भारतीय सॅल्मन म्हणून विकतात, पण रावस वेगळ्या कुळातला मासा आहे, सॅल्मनशी त्याचं नातं नाही. चवीला उत्तम, पण नावाच्या मोहाने जास्त पैसे मोजू नका.

ओमेगा-३ साठी आपला हुकमी मासा बांगडा आणि तारली. मालवणकडे तारलीच्या जातीतल्या छोट्यांना पेडवे म्हणतात. माझी बायको मालवणची आहे. ती म्हणते, तुम्ही घाटावरची माणसं पापलेट आणि सुरमईवर पैसे उधळता आणि बांगडा गरिबाचा म्हणून सोडता. पापलेट काही वाईट नाही, पण याबाबतीत तिचंच खरं आहे. हे स्वस्त मासेच तेलकट असतात. शिजवलेल्या १०० ग्रॅम बांगड्यातून ऋतूप्रमाणे साधारण अर्धा ते दीड ग्रॅम ईपीए-डीएचए मिळतं. पावसाळ्यानंतर मासा चांगला पोसलेला असतो, उन्हाळ्यात उतरतो. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यात दोनदा, प्रत्येक वेळी शिजवलेला ८५ ग्रॅमच्या आसपास मासा खायला सांगते. म्हणजे मध्यम आकाराचा एखादा बांगडा, डोंगरभर नाही.

बर्फातून घाट चढून आलेला मासा घेताना कल्ले उघडून बघा, लालभडक हवेत. डोळे फुगीर हवेत, खोल गेलेले नकोत. बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. बांगड्याच्या बाबतीत तर हे फारच जपा. बर्फ नीट नसेल तर त्यात हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांध्या उठणं हे त्याने होतं. लोक त्याला माशाची अॅलर्जी समजतात आणि जन्मभर मासा सोडतात.

मुशी, म्हणजे छोटा शार्क, आणि मोठे शिकारी मासे यांत पारा जास्त साठतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी ते टाळावेत. बांगडा-तारली लहान असतात आणि थोडीच वर्षं जगतात, त्यामुळे तिथे ही काळजी फारशी नाही.

कृष्णेतला मासा चालेल का? आणि उजनीची चिलापी?

रोहू, कटला, चिलापी, मरळ यांत ओमेगा-३ समुद्री तेलकट माशांपेक्षा बरंच कमी असतं. पण प्रथिनं चांगली आणि चरबी कमी, त्यामुळे मटणाच्या जागी हे केव्हाही बरे. हृदयासाठी म्हणून खास मासा शोधत असाल तर बांगडा. शेजारच्याने ताजी मरळ आणून दिली तर नाही म्हणू नका.

एक मात्र कळकळीने सांगतो. कृष्णेत कधीकधी मेलेले मासे थव्याने तरंगतात आणि लोक पोती घेऊन काठावर उतरतात. तो मासा फुकट मिळाला तरी घरी आणू नका. तो कशाने मेला हे आपल्याला दिसत नसतं.

तळलेला चालतो का?

रवा लावून बुडेल इतक्या तेलात तळलेला असेल तर हिशेब बिघडतो. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्या ३,९१० माणसांचा अभ्यास २००३ साली आला. त्यात भाजलेला मासा खाणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले, तळलेला मासा खाणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. आमच्याकडे तिरफळ आणि आमसूल घालून बांगड्याचं तिखलं होतं, त्यात तेल अगदी थोडं लागतं. तुम्ही कांदा-लसूण मसाला चोपडून दोन चमचे तेलात तव्यावर भाजलात तरी हरकत नाही. मीठ हात राखून टाका. सुकट आणि खारवलेल्या बांगड्याचं बीपीवाल्यांनी कौतुक करू नये.

बाटलीवर १००० मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे भरपूर ओमेगा-३ झालं ना?

नाही, आणि नव्वद टक्के गिऱ्हाइकं इथेच फसतात (हा आकडा माझ्या काउंटरवरचा, कुठल्या अभ्यासातला नाही). १००० मिलिग्रॅम हे माशाच्या तेलाचं वजन आहे. बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचा. साध्या गोळीत ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे मिळून ३०० असतं. बाकी ७०० मिलिग्रॅम दुसरी चरबी. इटलीतल्या अभ्यासाएवढी मात्रा गाठायची तर अशा तीन गोळ्या रोज लागतील, आणि ६० गोळ्यांची बाटली २० दिवसांत संपेल. आता वर्षाचा खर्च काढा आणि तेवढ्यात बांगडे किती येतात तेही बघा.

त्याच बाटलीवर आणखी एक ओळ शोधा. तिचा अर्थ असा की हे औषधी वापरासाठी नाही. आपल्याकडे अशा गोळ्या बहुतेक करून पूरक आहार म्हणून अन्नसुरक्षेच्या परवान्यावर विकल्या जातात, आणि ही ओळ छापणं नियमाने बंधनकारक आहे. समोरच्या बाजूला लाल हृदयाचं चित्र आणि मागे ही ओळ. मी ती बोटाने दाखवतो, तेव्हा अर्धी माणसं बाटली परत ठेवतात. मालकाला ही माझी सवय आवडत नाही.

माझं ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर आहे. डॉक्टरांनीच ओमेगा-३ लिहिलंय. तेही फुकट का?

नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे, घेत राहा. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. ५०० च्या पुढे गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो. अशा वेळी रोज चार ग्रॅमपर्यंतचा मोठा डोस देतात आणि त्याने पातळी साधारण २० ते ३० टक्के उतरते. हे वरच्या काचेतल्या बाटलीचं काम नाही, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचं औषध आहे.

हृदय वाचतं का, यावर मात्र दोन तट आहेत. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या एका अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्या ८,१७९ पेशंटांना फक्त शुद्ध ईपीए, रोज चार ग्रॅम दिलं, आणि अटॅकसारख्या घटना २५ टक्क्यांनी घटल्या. टीकाकार म्हणाले, तुम्ही नकली गोळीत खनिज तेल घातलं होतं, त्यानेच समोरच्या गटाचं थोडं नुकसान झालं असेल. मग २०२० मध्ये १३,०७८ पेशंटांना ईपीए आणि डीएचए एकत्र, तेवढ्याच डोसात दिलं. या वेळी नकली गोळीत मक्याचं तेल होतं. फायदा दिसला नाही आणि अभ्यास मुदतीआधी थांबवला. हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि हो, हा ऊस-गुळाचा पट्टा आहे. संध्याकाळची दारू, दिवसातून पाच कप गोड चहा आणि ताटभर भात तसाच ठेवून ट्रायग्लिसराइड गोळीने उतरवायला निघालात तर गोळी दमते.

जास्त घेतली तर नुकसान काय? तेलच तर आहे.

ठोके बिघडू शकतात. एट्रियल फिब्रिलेशन म्हणून एक प्रकार असतो, त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. २०२१ साली सात चाचण्यांतल्या ८१,२१० पेशंटांचे आकडे एकत्र केले. रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त ओमेगा-३ घेणाऱ्यांत या आजाराचा धोका जवळजवळ दीडपट निघाला. एक ग्रॅम किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत १२ टक्क्यांनी जास्त. छातीत धडधड होत असेल, पूर्वी ठोक्यांचा त्रास झाला असेल, तर स्वतःच्या मनाने ही बाटली उघडू नका.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, सोबत घेऊ का?

साध्या मात्रेने मोठा रक्तस्राव होतो असं दिसलेलं नाही. तरी वॉर्फरिन किंवा तशी गोळी चालू असेल, किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. लोक बीपीची गोळी आठवून सांगतात आणि ही सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी हे औषधच नसतं. ताटातल्या बांगड्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

गळ्यात माळ आहे. मासा नाही, गोळी नाही. मग आम्ही काय करायचं?

माउली, तुमच्यासाठी जवस आहे. त्यात एएलए नावाचं ओमेगा-३ असतं, आणि मोठा चमचाभर जवसाच्या पुडीत ते दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं. माणसाची दिवसाची गरज तेवढ्यात भागते. शरीर त्यातून ईपीए बनवतं खरं, पण फार थोडं, आणि डीएचए तर नावापुरतं. म्हणून जवस म्हणजे बांगडा असं मी म्हणणार नाही. तरी रोजच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी असावी. अख्खं जवस गिळू नका, ते तसंच बाहेर पडतं. थोडं भाजा, कुटा, आणि आठवड्यापुरतीच चटणी करा, कारण जवसाचं तेल लवकर खवटतं. अक्रोडही चालतात. कारळ्याची चटणी चवीला माझी लाडकी, पण तिच्यात मुख्यतः ओमेगा-६ असतं, दोन्हींची गल्लत नको.

आणि ते शेवाळ आठवतंय? त्यापासून थेट काढलेल्या तेलाच्या गोळ्या मिळतात. मासा मध्ये येत नाही. घेताना वरचं कवच कशाचं आहे ते मात्र वाचा. नेहमीच्या मऊ गोळीचं आवरण जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावराच्या नाही तर माशाच्या हाडा-कातड्याचं. आतलं तेल शाकाहारी असलं तरी कवच तसं असेलच असं नाही.

आजोबा कॉड लिव्हरच्या पिवळ्या गोळ्या खायचे. तेच का हे?

नाही. ते माशाच्या यकृताचं तेल. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं. ओमेगा-३ वाढवायचं म्हणून त्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर अ जीवनसत्त्व जास्त होतं. गरोदरपणात तर ते बाळाला घातक ठरू शकतं.

गोळी घेतली की माशाचे ढेकर येतात.

जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी नको. तरीही येत असतील तर एक गोळी सुईने टोचून वास घ्या. ताज्या तेलाला माशाचा सौम्य वास येतो. नाक मुरडावं असा खवट, जुन्या रंगासारखा वास आला तर ते तेल हवा आणि उष्णता लागून बिघडलं आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चाळिशी गाठणारं ऊन असतं, आणि बाटली खिडकीत. आमच्याच दुकानात काचेजवळ ठेवलेल्या दोन बाटल्या अशा गेल्या, तेव्हापासून आम्ही त्या आतल्या फळीवर ठेवतो.

हे सुरू केलं तर कोलेस्टेरॉलची गोळी थांबवता येईल?

नाही, नाही आणि नाही. माशाचं तेल वाईट कोलेस्टेरॉल कमी करत नाही. डीएचएने काहींचं ते थोडं वाढतंसुद्धा. स्टेन्ट बसलेल्या माणसाने व्हिडिओ बघून स्टॅटिन किंवा अॅस्पिरिन सोडणं हा थेट जिवाशी खेळ आहे. आणि छातीत दाब आला, घाम फुटला, डावा हात जड झाला, तर कपाटात गोळ्या शोधत बसू नका. १०८ ला फोन लावा.

सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतो. मधे चतुर्थी, एकादशी. वर जून-जुलैत मासेमारी बंद, लगेच श्रावण. आठवड्यातून दोनदा कसं जमायचं?

मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार उरतात. त्यातले दोन धरा, एखादा हुकला तर हुकला. हे अँटिबायोटिक नाही की एक डोस चुकला आणि कोर्स वाया गेला. ईपीए आणि डीएचए रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आवरणात जाऊन बसतात, आणि एक पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे चार आठवड्यांच्या खाड्याने साठा शून्यावर येत नाही. बंदीच्या काळात बर्फातला जुना बांगडा चढ्या भावाने घेण्यापेक्षा जवसाची चटणी कुटा. आखाड मटणाने साजरा होणारच आहे, त्याला माझा इलाज नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या जोरात लागतात, आणि गणपती झाल्यावर आपल्याकडे बांगडा येतो तो ताजा आणि पोसलेला. बायको तेव्हा मला दुकानातून लवकर सुटायला सांगते, सकाळचा माल दहा वाजता संपतो म्हणून.